आपल्या घराला मत नाही

क्वेकर्स हिल, सिडनी,
बुधवार, २१ मे २०२५

प्रिय करुणा,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागते. या वेळी मला ते करायचं नाही, म्हणून लिहायला बसले. मी चिडले आहे. पत्र संपेपर्यंत माझा राग उतरेल अशी वाट बघू नकोस.

रविवारी पहाटे पाचला उठून मी नेहमीसारखी टीव्हीवर युरोव्हिजनची गाण्याची स्पर्धा लावली. सिद्धार्थ आदल्या दिवशी म्हणाला होता की आपण फायनलला नाही, मग झोपमोड कशाला. ऑस्ट्रेलिया सेमीफायनललाच सलग दुसऱ्या वर्षी बाहेर पडला, हे मलाही ठाऊक होतं. पण तुझे बाबा गेल्यानंतरही मी एकही मे महिना चुकवलेला नाही. पोह्यांच्या वासाने सिद्धार्थ आणि ऐश्वर्या दोघं खाली आली. तिकडे मेलबर्नला, डँडेनॉन्गमध्ये तू आणि स्वप्निलही उठला होतात. 'पहाटे पाच' हा आपला ग्रुप जागा झाला.

हा ग्रुप बाबांनी काढायला लावला होता. आम्ही इथे आलो २०१५ च्या मे महिन्यात. विमानातली झोप अंगात होती, म्हणून भल्या पहाटे दोघं टीव्ही लावून बसलो, तर समोर हीच युरोपातली स्पर्धा. पुढे लायब्ररीत वाचलं तेव्हा कळलं की हा देश तीसेक वर्षं ती स्पर्धा लांबून नुसती बघत होता. त्या वर्षी पहिल्यांदा बोलावणं आलं, तेही स्पर्धेच्या साठाव्या वर्षाचं निमित्त म्हणून, एका खेपेपुरतं. बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, आपल्यासारखंच आहे, पाहुणे म्हणून आलेत आणि जायचं नाव काढणार नाहीत. तसंच झालं. दुसऱ्या वर्षी तर हे लोक दुसरे आले. जिंकले असते तरी पुढची स्पर्धा इथे झाली नसती, युरोपातल्याच कुठल्यातरी गावात भरवावी लागली असती, हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एका गोष्टीवर मात्र ते दरवर्षी भांडायचे. ऑस्ट्रेलियातून ऑस्ट्रेलियाला मत देता येत नाही. उमेदीच्या काळात ज्यांनी भीमजयंतीला गायन पार्टीत कोरस धरला, त्यांना हे पटणं कठीणच होतं. आपल्या माणसाला आपणच मत द्यायचं नाही, हा कसला नियम, असं ते सिद्धार्थला विचारायचे. सिद्धार्थ म्हणायचा, "बाबा, रूल आहे." त्यावर बाबा म्हणायचे, "तो तुम्हा सिटिझन लोकांना. मी पाहुणा आहे, माझं चालेल."

२०२१ ला इथल्या गायिकेला साथीमुळे जाता आलं नाही. गाणं रेकॉर्ड करून पाठवलं, आणि आपण पहिल्यांदाच फायनलला पोचलो नाही. समोर उभं राहून गायलं असतं तर पोचलो असतो, असं बाबा म्हणाले. जुलैत ते गेले. तुमच्या राज्याची सीमा बंद, आमचं शहर बंद. अंत्यविधीला दहा माणसं. तू स्क्रीनवर होतीस. त्याचा राग मला तेव्हाही नव्हता, आताही नाही. त्यानंतर सीमा उघडल्या, विमानं सुरू झाली, तू एकदा बालीलाही जाऊन आलीस. बाबांच्या अस्थी जिथे ठेवल्या आहेत त्या बागेत मात्र तू अजून आलेली नाहीस. मी दर रविवारी जाते. ट्रेन, मग बस. हे मी तुला कधी बोलले नव्हते, कारण तुझ्या लक्षात येईल असं वाटत होतं.

आता रविवारचं. ग्रुपवर पोल चालले होते. सगळ्यात चांगलं गाणं कोणतं, सगळ्यात वाईट कपडे कोणाचे. मीही मतं देत होते, हसत होते. जूनमध्ये ऐश्वर्याचे आईवडील पुण्याहून येणार, त्यांना खोली लागणार, हे मला माहीत होतं. माझी शिवणयंत्राजवळ झोपायची तयारी होती. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तेवढ्यात सिद्धार्थचा पोल आला. जूनपासून आई कुठे? सिडनी की मेलबर्न?

मी त्याच्या शेजारच्या सोफ्यावर बसले होते, करुणा. हातात पोह्यांची बशी होती.

सिद्धार्थने मेलबर्न दिलं. ऐश्वर्याने मेलबर्न. मग स्वप्निलचं सिडनी आलं. मी तुझी वाट बघत होते. तुझंही सिडनी आलं. म्हणजे चौघांपैकी एकानेही आपल्या घराला मत दिलं नाही. स्पर्धेचा नियम तुम्ही अगदी चोख पाळलात.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. सिद्धार्थ म्हणाला, "आई, सगळं डेमोक्रॅटिक असावं म्हणून टाकला." हा शब्द त्याने मला ऐकवला. माझ्या आजीला मताचा हक्क मिळाला तेव्हा ती नवं लुगडं नेसून मत द्यायला गेली होती. मताची किंमत मला माझा मुलगा शिकवतो आहे. त्या पोलमध्ये मत द्यायला माझंही बोट होतं. पण मला पाहिजे तो पर्यायच तुम्ही ठेवला नव्हता.

थोड्या वेळाने तू तुझं मत बदललंस. सिडनीवरून तुझं नाव गेलं आणि मेलबर्नखाली आलं. पाठोपाठ मेसेज आला की बोट चुकून लागलं होतं. नंतर सिद्धार्थने पोलच काढून टाकला. रात्री तुझा फोन, सोमवारी फोन, काल माझ्या नावाचं विमानाचं तिकीट. त्या तिकिटाला उत्तर म्हणून हे पत्र आहे. ते रद्द कर. मी तुझ्याकडे येणार नाही आणि सिद्धार्थकडेही राहणार नाही. इथे जवळच ब्लॅकटाउनला मीनाक्षीताईंच्या घरामागे एक ग्रॅनी फ्लॅट, एका माणसापुरतं वेगळं छोटं घर, रिकामा आहे. बाबांची फॅमिली पेन्शन आहे, माझं शिवणकाम आहे, तेवढ्यात भागेल. स्टेशन जवळ आहे, रविवारची माझी बस चुकणार नाही. येत्या शनिवारी मी तिकडे जाते आहे. सिद्धार्थला आज संध्याकाळी सांगेन. तुला आधी सांगते आहे, कारण त्या चार मतांपैकी तुझंच मला लागलं. जुलैत बाबांचा स्मृतिदिन आहे, बुद्धवंदना त्या बागेतच घेणार आहे. तुला यावंसं वाटलं तर ये. पण मला विचारून ये.

तुझीच, अजूनही चिडलेली,
आई