आधी सही, मग बाटली

१ फेब्रुवारी १९७१, सोमवार

गुरुवारच्या गेटसभेची सुरुवात सुचली, ती उतरवून ठेवतो: "दर पगाराला विम्याची कपात देणाऱ्या आणि दवाखान्याच्या खिडकीतून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो…" पुढचे उभा राहिल्यावर सुचेल. नेहमी सुचते.

आज पहिला सोमवार, महिन्याच्या औषधांचा दिवस. सरूच्या चिठ्ठीवर पुन्हा तोच जांभळा शिक्का. 'बाहेरून घ्यावे.' सलग तिसरा महिना. खिडकीमागून गोसावी कंपाउंडर म्हणाला, "इन्सुलिन वरूनच येत नाही, दिनकरराव. मी काय घरी कढवू?"

कारखान्याच्या आजारविमा योजनेच्या पुस्तिकेत कलम स्वच्छ छापले आहे. दवाखान्यात नसलेले औषध कामगाराने बाहेरून घेतले, तर खर्च योजनेने द्यायचा. डिसेंबरात अर्ज दिला. उत्तर नाही. गेल्या दोन बाटल्यांपायी सायकल गेली. मी साखर कारखान्यात फिटर आणि बायकोला साखरेचा आजार, म्हणून लोक हसतात. हसोत.

माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवलेल्या बाटलीत आठवडाभराचे उरले आहे.

सकाळी साखर बघायला सरूची लघवी नळीत घालून निळ्या औषधाबरोबर उकळली. रंग हिरवा आला. हिरव्यापर्यंत चालेल, पिवळ्याला सावध, विटकरी दिसला की धाव घ्यायची, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. यापुढे इथे नुसता रंग लिहीन.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सभा झाली. पहिल्या पाळीचा भोंगा झाला तरी माणसे हलली नाहीत. कपात ही भीक नव्हे, आगाऊ दिलेला मोबदला आहे, हे चढत्या सुरात सांगितले. टाळ्या भरपूर.

उतरल्यावर ताराबाई आडवी आली. गोदामात पोती शिवते, दमेकरी आहे. "भाऊ, बोलता लई झ्याक. आंगावर काटा आला बघा. पन माझ्या गोळ्या कुटं हायेत?"

मी म्हणालो, "येतील."

"म्हंजी भाषनातच हायेत अजून."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण ते लागलेच.

रंग: हिरवा.

६ फेब्रुवारी, शनिवार

रजा टाकून नगरला. औषधाच्या तीन दुकानांत विचारले, तिन्हीकडे भाव ऐकून पुढे सरकलो. शेवटी म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. सरूचा आजार पहिल्यांदा त्यांनीच ओळखला होता. आता दवाखाना बंद करून घरीच असतात. औषध कंपनीच्या माणसाने नमुन्याची दिलेली एक बाटली त्यांच्याकडे होती.

"फुकट घेणार नाही," मी म्हणालो. "आम्ही विम्याचे वर्गणीदार आहोत, याचक नाही."

"अरे, मला कशाला भाषण ठोकतोस? तुला कोण देतंय? मी सरूला देतोय."

घेतली. घेताना हात जड झाला होता, हे इथे तरी कबूल करतो.

निघताना म्हणाले, "औषधं येत नाहीत म्हणतात ना? दवाखान्याची नोंदवही मागा. कोणाला काय दिलं ते तिच्यातच असणार. सगळ्यांसमोर उघडायला लावा."

मला हे का सुचले नाही! राज्यक्रांत्यांचे इतिहास वाचतो, आणि शेजारच्या खोलीतली वही…

एसटीत उन्हाची बाजू सोडून बसलो. बाटली ओल्या फडक्यात, फडके डब्यात, डबा मांडीवर. शेजारची घोडेगावच्या बाजाराला निघालेली म्हातारी विचारते, "लोनी हाय का रं त्यात?" म्हटले, लोण्यापेक्षा नाजूक. ती म्हणाली, "मंग अंडी असत्याल," आणि घोडेगाव येईपर्यंत माझ्या डब्याला कोणाचा धक्का लागू दिला नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मजूर अधिकाऱ्याला लेखी मागणी दिली: नोंदवही गेटवर, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचली जावी. (यापुढे नुसते 'म. अ.'.) त्याने कागद दोनदा वाचला आणि लगेच 'मान्य, सोमवारी' लिहिले. इतक्या सहज? घाबरला असावा.

चाळीत सांगत सुटलो की सोमवारी वही बोलेल, त्या दिवशी मला बोलायची गरजच नाही.

सरू भाकरी थापत म्हणाली, "तुमी न बोलता उभं ऱ्हानार? बघायलाच येते मी."

रंग: हिरवा.

१५ फेब्रुवारी, सोमवार

लिहावेसे वाटत नाही. तरी लिहितो.

गेटवर टेबल मांडले होते. गोसावीने वही आणली आणि म. अ.ने ती स्वतः उघडली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. प्रत्येक नावापुढे औषध लिहिलेले, आणि प्रत्येक औषधापुढे 'मिळाले' या रकान्यात सही नाहीतर अंगठा. एक ओळ रिकामी नाही. ताराबाईच्या गोळ्यांपुढे ताराबाईचा अंगठा.

मग मला पुढे बोलावले. "इन्सुलिन, बाटल्या दोन. दिनकरराव, ही सही आपलीच ना? शेपूट मोठं झोकदार आहे."

माझीच. तिन्ही महिने.

चारशे डोळे माझ्यावर. आणि मी, खरेच, काही बोललो नाही.

कसे झाले ते आता स्वच्छ दिसते. रांग लागली की वही आधी रांगेतून फिरते. ज्याने त्याने सही करायची, पुढच्याकडे द्यायची. खिडकी त्यानंतर उघडते. मी रांगेत नेहमी वाचत असतो. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हाताने सही, पान उलटण्याइतकाही विचार नाही. 'मिळाले' हा रकाना मी चार वर्षांत वाचलेला नाही. लोकांना सांगत हिंडतो की न वाचता कशावरही सही करू नका!

याहून वाईट पुढेच. सगळे पांगल्यावर गोसावी जवळ आला. हळूच म्हणाला, "आठवतंय का? ही पद्धत तुम्हीच लावलीत."

आठवले. पूर्वी एकेकाला खिडकीशी बोलावून, औषध देऊन मग सही घेत. रांग दुपारपर्यंत चाले, पाळी बुडे, हजेरी कापली जाई. मीच भांडलो होतो. वही आधी फिरवा, सह्या उरकून घ्या, माणसांचा वेळ वाचवा. मान्य झाले तेव्हा गेटपासून चाळीपर्यंत मला खांद्यावर घेतले होते. हार ताराबाईने घातला होता.

रंग बघितला नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

कोणी काही बोलत नाही, ते जास्त लागते. फक्त मारुती, माझ्या हाताखालचा हेल्पर, डबा खाताना म्हणाला, "भाऊ, परत हार घालू का?" मग स्वतःच ओशाळला आणि मला लोणचे वाढले.

औषधे आलीच नाहीत की आली आणि वाटेत कुठे गेली? गोसावी म्हणतो, "मला यादी येते, मी उतरवतो. माल किती आला ते वरचे जाणोत." त्याच्याकडे बघून खोटे वाटत नाही, पण खरे बोलायला तो घाबरतो.

रंग: पिवळा.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा पिवळा. सुई मीच उकळून देतो, टोचून सरू स्वतः घेते. आज उजेडाकडे धरलेली सुई तिच्या हातात पाहिली. नळीतले औषध वीस आकड्यांच्या जागी चौदाच!

"कधीपासून?"

"तुमी नगरला गेल्तात तवापास्नं."

"का?"

"तुमचा हक्क यीस्तवर पुरवायला नगं का?"

ओरडलो. ती शांतपणे फडके पिळत राहिली. माझे भाषण तिने सुईने मोजले, सहा-सहा आकड्यांनी. आजपासून पुरे वीस घ्यायचे, असे वदवून घेतले आहे. म्हणजे बाटली सोमवारपर्यंतच जाईल.

कर्जतहून मेव्हण्याला बोलावू का, विचारले. म्हणाली, "त्यो गाय इकंल. मग तिथं चार तोंडं दुधाबिगर." नको.

२१ फेब्रुवारी, रविवार

पुरे वीस सुरू केले, पण उशीर झाला होता. रंग: विटकरी.

कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासले. भले आहेत, पण चिठ्ठीच लिहू शकतात. "औषध चुकवू नका. यात धोका आहे," म्हणाले. हे मला सांगतात! चिठ्ठीवर शिक्का बसला. 'बाहेरून घ्यावे.'

नगरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे मारुतीला पाठवले. ते मुलाकडे गेलेत, घराला कुलूप.

२२ फेब्रुवारी, सोमवार

म. अ.ने केबिनमध्ये बोलावले. चहा मागवला. मग टेबलाच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढून पुढे सरकवल्या.

"वहिनींची तब्येत कळली. तुमच्या घरचं मी बघेन. दर महिन्याला दोन. फक्त वहीत नको. लोकांना उगाच हाव सुटते. आणि त्या वहीचा विषय आता पुरे, काय?"

दोन बाटल्या! आणि आपण तीन महिने ऐकतोय की वरून येत नाही.

टेबल उलटे करावेसे वाटले. सकाळचा विटकरी रंग डोळ्यांपुढे आला. बाटल्या घेतल्या, घरी आणल्या. मारुतीच्या नजरेला नजर दिली नाही.

सरूला सगळे सांगितले. वाटले, फेकून देईल. तिने बाटली उजेडात फिरवून पाहिली, पुरे वीस भरून घेतले, टोचले, आणि मग म्हणाली, "आधी सुई, मग भांडान. आता सांगा, ताराबाईच्या गोळ्या बी दिल्या का त्यांनी?"

"नाही."

"मग ह्या चोरून का दिल्या? आपल्याच हायेत की. उजागरीनं घेतल्या म्हनून सही ठोका."

इतके ग्रंथ वाचून…

२३ फेब्रुवारी, मंगळवार

पाळीआधी दवाखान्यात गेलो. ड्रेसिंगला आलेली दहाबारा माणसे बाकावर होती. वही मागितली. गोसावी म्हणाला, "आज वाटपाचा दिवस नाही."

"वाटप काल झालंय. साहेबांच्या केबिनमध्ये."

बाकावरची माणसे उभी राहिली. गोसावीने वही दिली. मी मोठ्याने वाचत लिहिले: "इन्सुलिन, दोन बाटल्या, काल मजूर अधिकाऱ्यांकडून मिळाल्या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या मिळाल्या नाहीत. आधीच्या तीन सह्या न वाचता केल्या. चूक माझी." खाली सही, बिनशेपटीची.

गोसावीने त्या ओळी वाचल्या. शाईचा हात कापडाला पुसला आणि म्हणाला, "तारीख राहिली. तारीख घाला."

दुपारी नोटीस हातात. कार्यालयीन दप्तरात अनधिकृत लिखाण, तीन दिवसांत खुलासा. आणि निरोप: घरच्या औषधाचे यापुढे तुम्हीच बघा.

बघतो.

रंग: पिवळा.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

खुलासा दिला. एकच ओळ: लिहिले ते खरे आहे, वही गेटवर परत वाचावी.

संध्याकाळी घरासमोर ओटीवर सात बाया. गोदामातली फाटकी पोती अंथरलेली, पोत्यांवर खुणा करायची शाई, कुंचला. सरूने परवाच माझ्याकडून तीन शब्द गिरवून घेतले होते, आता ती इतरांना शिकवते आहे. 'औषध मिळाले नाही.' तिला 'ष' जमत नाही. पोट फोडायचे विसरते. ताराबाईचे ढोपराएवढे 'नाही' सगळ्यांत ठळक उठले. मागे सरून बघत म्हणाली, "भाऊ, ह्यो शबूद आमाला आधी शिकवाया पायजे हुता. अंगठ्याला 'न्हाई' म्हनता येत न्हाई."

मी कुंचला धुऊन दिला.

रंग: हिरवा.

२८ फेब्रुवारी, रविवार

म्हाताऱ्या डॉक्टरांचे कार्ड आले. चार-आठ दिवसांत परततात, ओळखीच्या दोघांकडे नमुने मागून ठेवतो म्हणतात. आणखी कोणाकोणाला काय लागते ती नावे मागितली आहेत. सरूने नऊ सांगितली, मी लिहिली. तिचे नाव मधे कुठेतरी आहे. पण ही तात्पुरती सोय. योजनेने आपले औषध द्यायचे ते द्यायचेच.

दोनपैकी एक बाटली अजून फोडलेली नाही. माठात आहे. ऊन वाढतेय, दिवसातून दोनदा पाणी बदलतो.

नोकरीचे काय होईल, माहीत नाही. उद्या पहिला सोमवार, गोसावी वही फिरवेल की आधी खिडकी उघडेल, तेही माहीत नाही. काल वाटेत भेटला तेव्हा "सकाळी लवकर या" एवढेच म्हणाला. कोणत्या अर्थाने, तो जाणे. पुस्तक उद्या घरी ठेवणार.

संध्याकाळी गेटवर बोलायचे आहे. पाठ करत नाही, इथे आहे तेवढेच वाचेन:

"भावांनो, बहिणींनो, तुम्ही कपात देता आणि औषध बाहेरून आणता. तुमच्या औषधापुढे 'मिळाले' म्हणून तुमच्याच सह्या आहेत. ती वही तुमच्या हातात आधी यायला लावणारा मी. मला खांद्यावर घेतलं होतं, ते चुकलं, आज खाली उतरवा. उद्या सकाळी सातला दवाखान्यासमोर रांग लागेल आणि वही तुमच्यापाशी येईल. पाळी बुडाली तर बुडू द्या, पण औषध हातात पडेपर्यंत सही करू नका, अंगठा उठवू नका. वही तशीच पुढच्याकडे द्या."