वासंती ऊर्फ प्रभावती ऊर्फ रुक्मिणी

लेस्टर,
६ जानेवारी १९७४

ती. अप्पा व ती. सौ. आई यांस,
शुभदाचा सा. न. वि. वि.

बाळंतपणाला मी चिंचवडला यायचे हे आपले ठरलेले होते. ते आता मोडले. डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नकार दिला आहे. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात जे झाले त्याची त्यांच्याकडे नोंद आहे, त्यामुळे माझे काही चालले नाही. घरातल्या घरातही बेताने चालायचे. हे सकाळी कामावर जातात ते अंधार पडल्यावर येतात, आणि इथे अंधार चारलाच पडतो. शेजारची गोरी म्हातारी काचेतून हात हलवते, तेवढेच दिवसाचे बोलणे.

तेव्हा आईनेच इकडे यावे. दिवस मार्चअखेरीचे आहेत. यांनी २४ फेब्रुवारीचे तिकीट काढून ठेवले आहे. राहिला फक्त पासपोर्ट.

अप्पा, एक विनंती, रागावू नका. पासपोर्ट मागणे म्हणजे दिवाणी दावा लावणे नव्हे. माझ्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली म्हणून तुम्ही सगळ्या पाहुण्यांना शुद्धिपत्र धाडले होते, ते आमच्या सासरी अजून सांगून हसतात. हा अर्ज चारचौघांसारखा भरा. आईला म्हणावे, मला या खेपेला एकटीला धीर नाही.

माया आहेच, ती लवकर आईच्या हाती पाठवावी.
तुमची,
शुभदा


चिंचवड,
१९ जानेवारी १९७४

चि. सौ. शुभदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तुझी आई ते पदराखाली घेऊन फिरते, त्यामुळे उत्तर आठवणीवरून लिहीत आहे.

अर्ज मुंबईस रवाना झाला. येथे स्टेशनाजवळ आबाजी नावाचे एक गृहस्थ अर्ज भरून देतात. कारखान्यांतून परदेशी जाणारी मंडळी त्यांच्याकडेच जातात. मीही त्यांना भेटलो. अर्जदार पूर्वी अन्य कोणत्या नावाने ओळखली जात होती काय, असा एक प्रश्न त्यात आहे. आबाजींनी सल्ला दिला की सरळ नाही म्हणून लिहावे, बायकांचे सारे तसेच लिहितात. मी विचारले की उत्तर नकोच असेल तर सरकारने प्रश्न छापला कशाला. त्यावर ते म्हणाले की वकीलसाहेबांकडं येळ हाय, पर लेकीकडं न्हाई. माणूस हजरजबाबी आहे. अर्ज मी घरी आणून स्वहस्ते भरला.

वस्तुस्थिती अशी की तुझ्या आईचे पाळण्यातले नाव रुक्मिणी. ते तिच्या वडिलांच्या आईचे. आता सुनेने सासूचे नाव तोंडातून काढायचे नाही, म्हणून तिची आई तिला प्रभावती म्हणू लागली, आणि शाळेच्या दाखल्यावर तेच नाव लागले. लग्नात मी ताटातल्या तांदळांत वासंती असे लिहिले. यांतले एकही नाव खोटे नाही, आणि एकही तिला विचारून ठेवलेले नाही. मी तिन्ही लिहिली आणि खुलाशाची दोन पाने जोडली. जो मनुष्य खरे लिहितो त्याला पुढे आठवावे लागत नाही, हे खेडच्या कोर्टात हयात काढल्यावर मला ठाऊक झालेले आहे.

काळजी नसावी. प्रकृतीस जपावे, आमच्याविषयी मन निवांत ठेवावे.
तुझा,
अप्पा


लेस्टर,
३० जानेवारी १९७४

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. दोनदा वाचले. तुमच्या मुद्द्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि तेच वाचून रडू आले.

परवा पायांना सूज आली म्हणून मला इस्पितळात ठेवून घेतले आहे. सोमवारी घरी सोडतील असे म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई रोज येते आणि तिचे केस विंचरते. बाकी काही करत नाही, नुसते विंचरते. मी दुसरीकडे तोंड करून पडते.

तुम्ही म्हणाल की यात युक्तिवाद कोणता. नाहीच. तुम्ही आबाजींकडे परत जा, कोणाच्या ओळखीने जा, मुंबईला जाऊन बसा, पण २४ तारीख चुकवू नका. आईला माझ्या सुजेचे सांगू नका. तिला सांगा की इथे थंडी फार आहे, लोकरीचे पायमोजे घालून यावे.

आठवण ठेवावी असे लिहीत नाही, ती तुम्ही ठेवताच.
शुभदा


चिंचवड,
१५ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. शुभदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लिहिणे मला जड जात आहे, म्हणून घडले तसे क्रमाने लिहितो.

अर्जावर कार्यालयाची विचारणा आली. तिन्ही नावांची बाई एकच आहे असे, तिला तिन्ही नावांनी ओळखणाऱ्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र हवे. मी त्यांच्या खुर्चीवर असतो तर हेच मागितले असते. अशी व्यक्ती आता एकच हयात आहे, तुझ्या आईची आत्या आक्काबाई. आम्ही दोघे राजगुरुनगरला गेलो. दंडाधिकाऱ्यांपुढे म्हातारीला विचारले की ही वासंतीबाई तुमची भाची काय. ती म्हणाली की वासंती कोण ते तिला ठाऊक नाही, ही आमची रुक्मी. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ऊन उतरेपर्यंत काम झाले. परतीच्या एस.टी.त तुझी आई प्रथमच हसली. म्हणाली की म्हातारी जिवंत आहे तोवर मीही रुक्मी आहे, मग एवढ्यात वासंती म्हणून मरायला नको.

इकडे त्याच दिवशी पोलीस शिपाई चौकशीस येऊन गेला. आपल्या दाराला कुलूप. त्याच्या हातातल्या कागदावर पहिले नाव रुक्मिणी होते, कारण खुलाशात मी नावे जन्मापासूनच्या क्रमाने लिहिली होती. त्याने शेजारी मंजुळाबाईंना विचारले. त्यांना तू ओळखतेस. त्यांचे शेत कारखान्यात गेले, आणि संपाच्या वेळी त्यांचा मुलगा ज्योतीराम घरातून उचलला गेला, तेव्हापासून त्या घरचा शिरस्ता आहे की खाकी कपड्याने कोणाचेही नाव विचारले तरी नाही म्हणायचे. त्यांनी ठासून सांगितले की रुक्मिणी नावाचं हितं कुनीबी ऱ्हात न्हाई, आन् कवा ऱ्हायलंबी न्हाई. शिपायाने ऐकले ते लिहून घेतले. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा अहवाल मुंबईस गेला.

मंजुळाबाईंना हे कळल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. त्या म्हणतात की त्यांनी वकिलीणबाईंना वाचवलं. त्यांना माहीत होते ते त्यांनी सांगितले. येथे तुझ्या आईला सारे वासंतीबाईच म्हणतात. आता त्या दारात बसून असतात आणि पोस्टमनलाही अडवून सांगतात की हितंच ऱ्हात्यात, तिन्ही नावांच्या.

मी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितले की गेलेला अहवाल त्याला परत बोलावता येत नाही; मुंबईहून नव्याने कागद आला की दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतो. मुंबईस गेलो. तेथेही सांगितले की नवा कागद निघेल, पण क्रमाने. कोणीही माझ्यावर अन्याय केला नाही. जन्मभर मी समोरच्या पक्षाशी वाद घातला. येथे समोरचा पक्षच नाही. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मी कपडे करून बसतो, आणि जायचे कोठे ते सुचत नाही.

२४ तारीख साधेल असे मला आज लिहिता येत नाही.
अप्पा


चिंचवड,
२० फेब्रुवारी १९७४

चि. सौ. शुभदास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

अप्पांनी तुला सगळे कळवले आहे म्हणे. काय कळवले ते मला वाचून दाखवले नाही, पण चिकटवलेले पाकीट त्यांनी दोनदा उघडून पुन्हा चिकटवले. तू त्यांच्यावर चिडू नकोस. परवा ते आबाजींकडे गेले होते, वाकून बोलत होते म्हणे, भाजीवाल्या बाईने सांगितले. आबाजी म्हणाले, आता माझ्याही हातात नाही.

माझी पिशवी भरलेली आहे. जुन्या मऊ लुगड्यांची झबली आणि कुंच्या शिवल्या आहेत, बाळंतशोपा आहे, डिंक आहे. रोज काढून उन्हात घालते आणि परत भरते. बाळंतिणीला जे सांगायचे ते लिहायला बसले तर काही लिहिता येत नाही. कंबर कशी बांधायची हे हाताला माहीत आहे, मला नाही. तिथल्या बायकांना विचार, लाजू नकोस. गरम पाणी पी. पाठ उघडी टाकू नकोस.

तुझी सूज उतरली का? अप्पांनी सांगितले नाही, तुझे पत्र कोटाच्या खिशात सापडले.

मी येतेच आहे. उशीर झाला तरी येते.
आई


लेस्टर,
५ मार्च १९७४

ती. अप्पांस,
नंदकिशोरचा सा. न. वि. वि.

पाकिटावर फक्त आपले नाव घातले आहे. हे पत्र आईंना वाचायला देऊ नये.

मुलगी झाल्याची २७ तारखेची तार, आणि ती काचेच्या पेटीत असली तरी बरी आहे हे मागचे पत्र, दोन्ही मिळाली असतील. ते लिहिले तेव्हा खरे होते. रविवारी पहाटे बाळ गेले. दिवस पुरे झाले नव्हते, श्वास पुरला नाही. डॉक्टरांनी त्यांच्याकडून काही कमी केले नाही. काल सर्व आटोपले. मी आणि कारखान्यातला एक मित्र, दोघेच होतो.

शुभदाची शस्त्रक्रिया झालेली आहे, उठवत नाही. ती बाळाविषयी काही बोलत नाही. आई कधी येणार एवढेच विचारते, दिवसातून कितीदा तरी. पासपोर्ट मिळताच आईंना पाठवावे. त्या प्रथमच एकट्या निघणार, दोन विमाने बदलणार. मनावर हे ओझे घेऊन त्या पोचणार नाहीत अशी मला भीती वाटते. म्हणून विनंती आहे की तिथे काही सांगू नये. विमानतळावर मी घ्यायला येईन आणि मोटारीत सांगेन. आपल्याला असे वागायला सांगणे किती कठीण आहे हे मी जाणतो.

आपला लोभ या दिवसांत फार हवा आहे.
नंदकिशोर


चिंचवड,
१५ मार्च १९७४

चि. नंदकिशोरराव यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पोचेल तेव्हा ती तुमच्याकडे असेल आणि तुम्ही तिला सांगितलेले असेल. तरी जे घडले त्याचा वृत्तांत देणे मला प्राप्त आहे.

नव्याने चौकशी होऊन पासपोर्ट ९ तारखेस आला. तुमचे पत्र १२ तारखेस आले. मी ते वाचले, जाळले, आणि आत जाऊन जेवलो, कारण तिने पान वाढले होते. पुढचे दोन दिवस ती आवराआवर करीत होती. मंजुळाबाईंनी बाळासाठी काळ्या मण्यांची मनगटी ओवून आणून दिली. ती कोणत्या बाजूला ठेवावी म्हणून दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

काल रात्री सांताक्रूझच्या विमानतळावर वजन करताना पिशवी जास्त भरली. तेथील मनुष्य म्हणाला की काहीतरी कमी करा. तिने आपली दोन लुगडी आणि लोकरीचे पायमोजे काढून माझ्या हाती दिले. झबली राहू दिली. तेथे मी बोलायला हवे होते असे मला क्षणभर वाटले, आणि बोललो नाही.

आत जाण्याच्या दारापाशी तिने मला विचारले की बाळ आता अंगावरचे दूध ओढायला लागले असेल का. मी म्हणालो, हो, लागले आहे, तुमचे तसे पत्र आहे. तिने विचारले की पत्र कुठे आहे. मी म्हणालो, घरी राहिले. तिने माझ्याकडे पाहिले. एकोणचाळीस वर्षांत मी कोठलाही कागद घरी विसरलेलो नाही, हे तिच्याइतके कोणास ठाऊक नाही. मग तिने पिशवी उचलून छातीशी धरली आणि आत गेली. मागे वळून पाहिले नाही.

तिला कळले की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही मोटारीत सांगितलेत तेव्हा तिने काय विचारले, ते मला कळवावे. काहीच विचारले नसेल, तर तेही कळवावे.

शुभदाच्या डोक्यावरून माझ्या वतीने हात फिरवावा. मजकडे लक्ष असू द्यावे, अधिक मागण्याचा अधिकार आज मजपाशी नाही.

आपला,
अप्पा