परतीची खोकी

४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर हिरव्या शाईतला पत्ता बघून पोस्टमनने विचारलं, काही विशेष आहे का. म्हटलं, भाऊ खुशीत आहे. माझी तब्येत बरी आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प बसतो. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला, आणि आता ती टपटप नाही म्हणून मला दुपारची झोप लागत नाही.

तुझ्याकडची मजा वाचून हसले. तुमचा जुना बँड मासिकाच्या यादीत नववा आला म्हणून भाचीने केकवर नऊचा आकडा काढून घेतला, बँडमधले ढब्बू आणि लंब्या जेवायला आले, ढब्बूने चमच्यांनी ताटावर ताल धरला आणि एक बशी फोडली. इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या बनवून त्याचा हात हलका झाला असेल असं मला वाटत होतं. पत्राखाली तू सही केलीस, 'तुझा नववा'. नातवंडं खेळवायच्या वयात माणसाने एवढं हुरळून जावं का, असं मनात आलं, पण ते पत्र मी उशाशीच ठेवलं आहे.

संपादकबाईंनी फोटो मागायला तुला फोन केला आणि नंबर त्यांच्या तोंडून कळला, ताई काहीच बोलली नाही, अशी तुझी तक्रार आहे. बरोबर आहे. गुडघा दुखत होता म्हणून राहिलं.

यादी कशी करतात असं विचारलंस. बाईंना त्यांच्या मासिकात जुन्या काळातले शंभर पॉप गायक आणि बँड ओळीने लावायचे आहेत. आमची रेकॉर्ड कंपनी बंद पडली तेव्हा गोदामाची रजिस्टरं रद्दीत जाणार होती, ती मी मागून घरी आणली होती, म्हणून त्या माझ्या दारी आल्या. नियम असा की एकाला एकच आकडा. ज्या वर्षी त्याच्या सगळ्यांत जास्त रेकॉर्ड्स खपल्या ते त्याचं वर्ष, जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे ती जाड चष्म्याची गायिका, जी एक वर्ष गाजली आणि गायब झाली, ती पहिली आली आहे. आणि पांढरे बूट घालणारे ते गृहस्थ, वीस वर्षं सातत्याने खपत राहिले, ते बेचाळिसावे. एका वर्षावरून माणूस मोजायचा हे मला काही पटत नाही, पण मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षावरून यादी केली असती तर आम्ही खालून पहिले आलो असतो, असा विनोद तू केला आहेस. त्यावर मला हसता आलं नाही. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. अंक महिनाअखेरीला छापायला जातो.

गाडी शिकायला येणाऱ्यांवर ओरडत जाऊ नकोस. त्यांनी पैसे मोजलेले असतात.

तुझी
ताई

&nbsp;

१७ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. त्यानंतर तीन वेळा फोन वाजला तो तुझाच असणार. मी घरीच होते, उचलला नाही. जे सांगायचं आहे ते फोनवर मला जमणार नाही आणि तुझ्यासमोर बसून तर मुळीच नाही.

आज सकाळी पोस्टात जाऊन संपादकबाईंना दुरुस्तीचं पत्र टाकून आले. ते टाकल्यावरच हे लिहायला बसले. नाहीतर मी स्वतःला ओळखते, पुन्हा नळाबद्दल चार पानं लिहिली असती.

तुम्ही नववे नाही आहात. एकविसावे आहात. आणि याला कारण मी आहे.

आता नीट सांगते. मी गोदामात परतीच्या मालावर होते हे तुला ठाऊक आहे. दुकानदार रेकॉर्ड्स घ्यायचे ते 'न खपल्यास परत' या बोलीवर. गोदामातून माल गेला की वहीत तो खपला म्हणूनच चढायचा. पुढे खोकी परत आली की तेवढा वजा व्हायचा, तोसुद्धा मी परतीचं चलन, म्हणजे खोक्यांबरोबरची पावती, वहीत चढवीन त्या तारखेला. त्याआधी नाही. सगळा कारभार माझ्या हातात होता आणि मी कधी चूक करत नाही अशी माझी ख्याती होती.

तुमच्या पहिल्या वर्षी गोदामातून चौऱ्याण्णव हजार रेकॉर्ड्स गेल्या. नोव्हेंबरपासून खोकी परत यायला लागली. डिसेंबर संपेपर्यंत एकतीस हजार परत आल्या. त्यांची चलनं मी चढवली नाहीत. टेबलाच्या खालच्या खणात ठेवली, खोकी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सारली, आणि जानेवारी उजाडल्यावर मग एकेक चढवली. त्यामुळे कागदावर तुमचं पहिलं वर्ष चौऱ्याण्णव हजारांचं राहिलं. खरं होतं त्रेसष्ट हजारांचं. असं का केलं ते लिहीत नाही. लिहिलं तर सबब वाटेल.

पण धाकट्या, त्या एकतीस हजार कुठेतरी वजा व्हायच्याच होत्या. त्या तुमच्या दुसऱ्या वर्षातून झाल्या. खातं बँडच्या नावाने असायचं, कुठली रेकॉर्ड हे वरच्या ऑफिसात कोणी बघत नसे. दुसऱ्या वर्षी शहात्तर हजार गेल्या होत्या. नव्या रेकॉर्डच्या परत आल्या फक्त पाच हजार. म्हणजे खपल्या एकाहत्तर हजार, पहिल्या वर्षापेक्षा आठ हजार जास्त. पण माझ्या एकतीस हजारांनी वहीत राहिले चाळीस. मॅनेजरसाहेबांनी चौऱ्याण्णव आणि चाळीस हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि तुम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला.

तुझा विश्वास बसला नाही. तू गोदामात आलास, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. तो दिवस मी विसरले असेन असं तुला वाटत असेल. परतीचा माल वर्षातून एकदाच मोडीत निघायचा, म्हणून सगळी खोकी मधल्या वाटेत रचलेली होती, पार छपरापर्यंत. प्रत्येक खोक्यावर तुमच्या बँडचं नाव. तू खालपासून वरपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "ताई, एवढी परत आली?"

मी म्हटलं, "चहा घेतोस का?"

तू म्हणालास, "घेतो." त्याच खोक्यांवर बसून आपण चहा प्यायलो. तू म्हणालास, "पहिल्या रेकॉर्डची गाणी दुसऱ्यांची होती म्हणून चालली. माझी स्वतःची होती ती लोकांनी परत पाठवली. बरं झालं, लवकर कळलं." माझ्या खिशात खोकी उघडायचा कटर होता. एका खोक्याची पट्टी कापली असती तर तुला दिसलं असतं की आत पहिली रेकॉर्ड आहे. तुझी नवी रेकॉर्ड त्या ढिगात जवळपास नव्हतीच.

मी कापली नाही. तुला सांगितलं असतं तर तू तडक वर जाऊन मॅनेजरशी भांडला असतास आणि माझी नोकरी गेली असती. त्या भीतीने मी गप्प बसले, आणखी काही कारण नाही. आणि तुला विश्वासात घेऊन, कोणाला बोलू नकोस असं सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस, हे मला दुसऱ्याच दिवशी सुचलं. तोपर्यंत तू गिटार विकून आला होतास. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग तू ड्रायव्हिंग स्कूलला लागलास. मग तुझं लग्न ठरलं, त्यात कुठे हा विषय काढायचा. अशी एकेक करत इतकी वर्षं गेली. तू शिकवायच्या गाडीत रेडिओ लावू देत नाहीस, शिकणाऱ्याचं लक्ष उडतं म्हणून, असं भाचीला सांगतोस. तिला ते खरं वाटतं.

बाईंना आकडे देताना वर्षअखेरीच्या वहीत होते तेच मी उतरवून दिले. हाताने नेहमीचं काम केलं. वाटलं होतं, निदान एवढं तरी सुख तुला मिळू दे. पण तुझं हिरव्या शाईचं पत्र आलं, त्यात तो खालून पहिल्याचा विनोद होता, आणि मला कळलं की तू अजून त्या खोक्यांवरच बसलेला आहेस. जुनी चलनं काढली, चार दिवस बसून तारखेप्रमाणे लावली, आणि सगळं पाठवून दिलं. एवढा वाकडेपणा मी फक्त तुमच्याच खात्यात केला होता, बाकी यादी सरळ आहे. आता तुमच्या नावापुढे दुसरं वर्ष येईल. तुमचं सर्वांत चांगलं वर्ष तेच होतं, तुझ्या गाण्यांचं. बारा नंबर मी तुझे घालवले. ते परत देण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

सोबत दुसरी रेकॉर्ड पाठवते आहे. दुकानातून विकत घेतली होती, त्याच वर्षी. म्हणजे एकाहत्तर हजारांत एक मी आहे.

माझ्यावर रागाव. पण पत्र पाठव, कोरं असलं तरी चालेल.

तू म्हणशील तर अजूनही तुझी
ताई

&nbsp;

१४ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

पत्राला उशीर झाला तो मुद्दाम केला. आम्ही सगळे खुशाल आहोत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका बाईंना उजवीकडे वळा म्हणून सांगितलं आणि डावीकडे हात दाखवला. त्या बिचाऱ्या सरळ गेल्या आणि भाजीच्या गाड्यापाशी थांबल्या. भाजीवाल्याने माझा उद्धार केला, त्यात काही खोटं नव्हतं. पुढचे तीन दिवस सुट्टी घेतली. तुला पत्रं लिहिली आणि फाडली. एक फार वाईट होतं, ते बायकोने फाडलं.

मग एक गोष्ट ध्यानात आली. का केलं ते तू लिहिलं नाहीस. मी वाट बघितली, दुसरं पत्र येईल, त्यात लिहिशील. आलं नाही. तर आता मीच लिहितो. नव्वद हजारांची अट होती. पहिल्या वर्षी तेवढ्या खपल्या तरच दुसरी रेकॉर्ड काढू, असं मॅनेजरने आम्हाला तोंडावर सांगितलं होतं आणि मी त्याच दिवशी येऊन तुझ्यापाशी रडलो होतो. त्रेसष्ट हजारांवर कोणी आम्हाला उभं केलं नसतं. तू ती खोकी ताडपत्रीखाली सारली नसतीस तर माझी गाणी रेकॉर्ड झालीच नसती. एवढी मोठी सबब हातात असताना तू ती लिहिली नाहीस. तू तशीच आहेस, लहानपणी माझ्यासाठी मार खाल्लास तरी कारण सांगायची नाहीस.

तेव्हा खोक्यांचा मला राग नाही. चहाचा आहे. तो लवकर जाईल असं वाटत नाही. खोटं कशाला लिहू.

आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही. लंब्याकडे आहे, त्याच्या काचेच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. ढब्बूलाही बोलावलं. त्या दोघांना आधी तुझं पत्र वाचून दाखवलं. ढब्बू म्हणाला, "ताईंना सांग, मी बशीचे पैसे देतो, हिशोब मिटला." लंब्या नुसता काच पुसत बसला. मग रेकॉर्ड लावली. मी ती ऐकली नव्हती, ताई. त्या दिवसानंतर एकदाही नाही. पहिली बाजू ठीक आहे. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मला आठवतच नव्हतं. आम्ही ते चार वेळा लावलं. ते चांगलं आहे. मी लिहिलंय म्हणून म्हणत नाही, मी ते विसरलो होतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाचं ऐकावं तसं ऐकलं. एकाहत्तर हजार लोकांनी ते घरी नेलं आणि ठेवून घेतलं, आणि मी आपला लोकांना ब्रेक कुठे आहे ते दाखवत बसलो. इथलं अक्षर लागलं नाही तर रविवारी विचार.

अंक आला. बाईंनी आमचा फोटो जरा लहान केला आहे. खाली वर्ष बरोबर आहे. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एकवीस आकडा काढायला आधीचा केक पुरला नसता, बरं झालं तो संपला.

काल शिकवताना गाडीत रेडिओ लावला. शिकणाऱ्याचं लक्ष उडालं नाही. माझं उडालं.

रविवारी अकराच्या गाडीने येतो. स्टेशनवर येऊ नकोस, जिन्याने तुझा गुडघा दुखेल. चहाचं मात्र नाव काढू नकोस. तो मी करीन. तू समोर बसायचं आणि पहिल्या खोक्यापासून शेवटच्या खोक्यापर्यंत सगळं तोंडाने सांगायचं, मी विचारीन तेवढ्या वेळा.

तुझा
एकविसावा