आईंच्या पायाखालचं गवत

सुकापूर, पनवेल
११ मे २०२५

प्रितमभावजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आपल्या ड्रायव्हर जगनच्या हाती हे पत्र देतेय. तो गाडी घेऊन द्रोणागिरीला निघालाय, तुमच्या गोदामावरूनच जाईल. आमची पूर्वी पाचवी पास झाली, काकाला कळवच म्हणून मागे लागलीये.

परवा आपल्या लॉन्सवर मोठं लग्न झालं, उरणकडचं वऱ्हाड. आणि एकही टँकर मागवावा लागला नाही! मागच्या मेमध्ये बोअर आटली नि पिवळ्या गवतापुढे आपण हात टेकले, ते आठवतं ना? यंदा हिरवळ अर्धीच ठेवलीय. फाटक, स्टेज, जेवणाचे स्टॉल, म्हणजे मांडवाची सावली असते आणि माणसं तुडवतात तिथे प्लास्टिकचं गवत. मधल्या उघड्या जागेत खरं. पाणी तेवढ्यालाच, तेही ऊन उतरल्यावर.

होय, प्लास्टिक तुमचंच. तुम्ही सगळीकडे अंथरलेलं आणि तुमच्या दादांनी रागाने उपटून टाकलेलं. त्याच गुंडाळ्या त्यांनी स्वतः शेडमधून काढल्या, धुतल्या, पुन्हा अंथरल्या.  

आईंचं सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पण मधले दिवस तुम्हाला सांगायचे नाहीत असं ठरलं होतं, आणि ते टाळून पत्र पुढे सरकत नाहीये.

ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिक तव्यासारखं तापलं होतं. भर दुपारी आई त्यावरून अनवाणी फिरल्या, शेजारच्या चंद्रावतीकाकूंना दाखवत, "माज्या प्रितमनं केलंय." शुगरमुळे तळव्यांना चटका कळलाच नाही. फोड आले, दादा तुम्हाला नको ते बोलले आणि तुम्ही निघून गेलात. तुम्ही पाहिलंत ते एवढंच.

पुढे जखम चिघळली. ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, "औषधाने आवरलं नाही तर पाऊल काढावं लागेल." दादा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. "आईचं पाऊल गेलं तर प्रितम जन्मभर स्वतःला खाईल, किशोरी. चूक त्याची, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलंय." मी तुम्हाला फोन लावायला निघाले, तर आईंनी हात धरला. "पोराला आता नको सांगू. जीवाला लागंल त्याच्या."

काढावं लागलं नाही, भावजी. ऐकलंत ना? लागलं नाही! जखम भरली, नवी कातडी आली.

लग्नाच्या सकाळी, वऱ्हाड यायच्या आधी, आई मधल्या हिरवळीवर गेल्या. चप्पल काढायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम. मग वाकून तळहातच टेकवला. "गार हाय," म्हणाल्या. मग दादांकडे बघून, "अर्धं गवत त्याचं, अर्धं तुजं. मंग तो का नाय हितं?"

दादा मांडवाच्या दोरीच्या गाठी आवळत राहिले. मग मला म्हणाले, "तू लिही त्याला. माझ्याने होणार नाही. ये म्हणावं. चूक त्याची नव्हती म्हणावं."

म्हणून लिहिलं. जगन संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत येतोय. पुढची सीट तुमच्यासाठी ठेवायला सांगितलीय.

आईंच्या दोन्ही पायांच्या वतीने, आणि ज्यांच्याने लिहवत नाही त्या तुमच्या दादांच्या वतीने,

तुमची वहिनी,
किशोरी