घरातल्या घरात सायकल

ढाणकीजवळचा तांडा,
रविवार, ता. २४ जून १९६२

श्रीयुत रामलालजी, म्हणजे माझी बायको हंसाबाई हिचे थोरले बंधू आणि बाभुळगावचे सायकलवाले, यांना रूपसिंग मास्तरचा राम राम. तुमचा खोकला थांबला असेल आणि भाभींची कंबर ताळ्यावर आली असेल असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक आहेत, माझा उजवा कोपर सोडून.

तुमचं पत्र पोचलं. ‘या वयात तुम्हाला जमायचं नाही, सायकल मोटारीच्या टपावर टाकून परत पाठवा’ असं तुम्ही लिहिता. (माझं वय चाळीस. तुम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी पेटी वाजवायला शिकलात तेव्हा मी चकार शब्द काढला नव्हता, आणि मी ती ऐकलेली आहे.) तर स्पष्ट लिहितो: सायकल परत मिळणार नाही. दोन जुलैला शाळा उघडते, आणि त्या दिवशी मी शाळेत सायकलवरूनच जाणार.

तुम्हाला हा हट्ट वाटतो, कारण तुमचं दुकान तुमच्या घराच्या ओसरीवर आहे. माझी बदली सात मैलांवर झाली. तपासनीस साहेबांनी विचारलं की रोज घरून येणं-जाणं जमेल का, सायकल येते का. नसेल येत तर झरी जामणीकडे जंगलात एक शाळा रिकामी आहे, तिथे राहायलाच जा. मी म्हणालो, येते. तोवर मी सायकलला हातसुद्धा लावलेला नव्हता. पण आईला आता नीट दिसत नाही, वावर दुसऱ्याच्या भरवशावर टाकवत नाही, आणि हंसाबाईला सोडून मी आजवर सलग आठ दिवस राहिलेलो नाही. मला घर सोडायचं नाही, एवढीच गोष्ट आहे. (हे भाभींना वाचून दाखवू नका. त्या तिला सांगतील.)

पहिल्या दिवशी मी साऱ्या तांड्यादेखत सायकलवर बसलो आणि उकिरड्यात उतरलो. तेव्हाच ठरवलं की आता शिकायचं ते घरात, दार लावून. त्यासाठी पहिलं साधन तुमचंच, तुम्ही सायकलीबरोबर पाठवलेलं लोखंडी स्टँड. त्याने मागचं चाक अधांतरी राहतं आणि पायडल कितीही मारा, सायकल जागची हलत नाही. अकरा दिवस मी मारले. एका हाताने चहा पीत मारले, वर्तमानपत्र वाचत मारले, एवढ्या वेळात नागपूर गाठून परतलो असतो. बाराव्या दिवशी सायकल बाहेर काढली तेव्हा कळलं की अकरा दिवसांत तोल सांभाळायला स्टँड शिकलं, मी नाही. उकिरडा तोच.

मग चुलतभाऊ हरिसिंगचं डोकं चाललं. त्याने सायकल पुढूनमागून दोरांनी आढ्याला टांगली. पायडल मारताच ती झोके घेऊ लागली. आई कोपऱ्यातून म्हणाली, “कोनाचं लेकरू झोपवून राह्यला रे, रूपसिंग?” दुपारपर्यंत छपराचे तीन कवेलू खाली आले आणि मीही.

शेवटी आमच्या तांड्याचे नायक डोंगरसिंग आले. यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख पालथा घातला, त्यामुळे ते अजूनही जगातली प्रत्येक वस्तू बैल समजूनच बघतात. सायकलभोवती फिरून ते म्हणाले, “दोन्ही अंगाले ओझं सारखं असलं का कोनतंच जनावर पडत नाही, मास्तर.” त्यांनी सीटला आढ्यापासून एकच दोर बांधला, मागचं चाक बोटभर उचललं, आणि कॅरिअरवरून दोन बाजूंना दोन गोण्या सोडल्या: उजवीकडे ज्वारीची, डावीकडे सरकीची. (गोण्या घरच्याच. ज्वारी आम्ही खातो, सरकी म्हैस खाते.) वजन त्यांनी हाताने उचलून सारखं केलं. मी हेच साधन निवडलं, आणि निवड चुकली असं मी आजही म्हणणार नाही. मी रोज सकाळी भाकरी खाऊन बसायचो. सायकल थोडी डावीकडे कलायची, मी उजवीकडे झुकून तिला सरळ धरायचो. पंधरा दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की मला वाटलं, तोल तोल म्हणतात तो हाच.

काल परीक्षा झाली. गोण्या काढल्या, दोर सोडला, सगळा तांडा जमला. मी बसलो आणि खरोखर चालवली. फक्त ती उजवीकडेच जात राहिली. नायकांच्या दारातल्या लिंबाला मी तीन फेरे मारले. दोन म्हाताऱ्यांनी नवस समजून हात जोडले. चौथ्या फेऱ्याला कोपर गेला. तरी मी चालवली, हे दीडशे माणसांनी पाहिलं आहे. दिशा हा वेगळा विषय आहे.

तेव्हा साधन कुठलं चांगलं हे मला शिकवू नका, आणि सायकल मागू नका.

आपला,
रूपसिंग

ता. क. पडल्यावर नायक म्हणाले, “बैल असा गोल फिरून राह्यला म्हंजे त्याच्या एका अंगाले ओझं कमी हाय.” तेव्हा हंसाबाई पुढे आली. “तुमी सकाळी बसत होते,” ती म्हणाली. “भाकरीची ज्वारी मी काढलेली राहे, सरकी तशीच राहे. मी दुपारी बसत होतो, म्हशीले सरकी टाकल्यावर. तवा दोन्ही गोण्या सारख्या.” मी विचारलं, तू कशाला बसत होतीस? ती म्हणाली, “तुमाले नसती आली तं कोनाले तं यायले पाह्यजे होती. मले काय इथं एकटं राह्याचं हाय?” मग घागरा खोचून ती सायकलवर बसली आणि सडकेच्या नाक्यापर्यंत जाऊन सरळ परत आली.

दुसरं ता. क. सायकलवरूनच जाणार हे मी वर लिहिलंय, त्यात बदल नाही. हंसाबाई चालवेल, मी मागे बसेन. संध्याकाळी ती घ्यायला येईल. लोक हसतील. हसून ते आपापल्या घरी जातील, आणि मी माझ्या.

तिसरं ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. कॅरिअरवर बांधायची एक गादी दोन तारखेच्या आत पाठवा. जाड असू द्या. सात मैल जायचे, सात यायचे, आणि तुमची बहीण एकही खड्डा चुकवत नाही.