मर्विनच्या मोटारसायकलचा दिवा

४ जून, मंगळवार

बेकरीत ग्रेगने गाठलं. लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवतो तो. माणूस एरवी हसरा. आज नाही. "नोरीन, परवा धुक्यात तुमचा नवरा मला दिसलाच नाही. मोटारसायकलचा आवाज आला म्हणून ब्रेक मारला. नाहीतर—" पाव घ्यायला गेले होते, तशीच परत आले.

घरी येऊन मर्विनला म्हटलं, गाडीचा दिवा बदल.

"बदल? एक्कावन्न साली कारखान्यातून निघाली तशी आहे ती! स्क्रूसुद्धा!"

स्क्रू तसेच आहेत, मान्य. दिवाही तसाच. सहा व्होल्टचा. वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती बरी!

६ जून

हेंककडे गेले. गाड्यांचं वायरिंग करतो, कमी बोलतो. म्हणाला, मूळचा बल्ब काढायचा आणि त्याच खोबणीत एलईडी बसवायचा. बाहेरून काही कळत नाही. "पिवळसर न्या. पांढरा लावलात तर मर्विन गाडीवरून उतरून माझ्या घरी येईल." मागच्या लाल दिव्यासाठीही एक दिला.

"त्याला सांगू नकोस हं."

"मी? मला अजून जगायचंय."

११ जून, मंगळवार

मंगळवारी दुपारी मर्विन पायीच लॉन बोल्स खेळायला जातो, हिरवळीवर चेंडू घरंगळवायला. दोन तास हक्काचे. शेडमध्ये गेले, हेडलाइट उघडला. बोट सोलवटलं. आईने कधी ऐकली नसेल अशी शिवी दिली. नवा बल्ब बसवला, बटण फिरवलं.

अंधार! मागेही अंधार!

जुने परत लावून, हात धुऊन, स्कोन, चहाबरोबरचे छोटे पाव, भाजायला घेतले. आला तेव्हा पिठाने माखलेली होते. "दमलेली दिसतेस," म्हणाला.

१२ जून

हेंक फोनवर म्हणतो, बॅटरीची कुठली बाजू सांगाड्याला जोडली आहे त्यावर बल्ब ठरतो— अधिक की उणे? "विचारा की त्याला."

विचारा म्हणे!

जेवताना सहजच विचारलं. पाऊण तास! मीठदाणी झाली बॅटरी, काटा झाला सांगाडा, सॉसची बाटली डायनॅमो. मटण गार. "अधिक, नोरीन! जुन्या ब्रिटिश गाड्यांत अधिकच!" मग काटा खाली ठेवून म्हणाला, "सेहेचाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा विचारलंस."

मला फार वाईट वाटलं. तरी भांडी घासायच्या आधी हेंकला कळवलं— अधिक.

१८ जून, मंगळवार

लागला!! शेडची मागची भिंत अशी उजळली की कोळिष्टकं मोजता आली. चार वर्षांपूर्वी हरवलेली माझी बागेची कात्रीही सापडली. मर्विनने त्या कात्रीने रंगाचे डबे उघडलेत. ते नंतर बघू.

संध्याकाळी तो मोटारसायकल घेऊन जुन्या गाड्यांच्या क्लबात जाऊन आला. दिवेलागणीची वेळ. मी दारातच.

"कशी चालली गाडी?"

"कशी म्हणजे? नेहमीसारखी."

"काही वेगळं नाही वाटलं?"

"वाटलं ना. गुडघा दुखला."

जिंकले!

२१ जून

आज बेकरीत दोघं बरोबर होतो. ग्रेग लांबूनच ओरडला, "मर्विन, काय दिवा आहे! चर्चच्या वळणावरून दिसलास! वॉलबी-कांगारूसुद्धा रस्ता सोडून पळाले!"

मर्विनची छाती फुगली. "आतला आरसा पॉलिश केला. जुनं काम ते जुनं काम. तेव्हा गाड्या बनवायचे, आता खेळणी बनवतात."

पॉलिश! ह्याने! घरातला चमचा कधी पुसला नाही!

२५ जून

आता क्लबभर तेच. म्हातारे पॉलिश घेऊन आपापल्या हेडलाइटच्या मागे लागलेत. एकाने घासघासून आरशावरचा चांदीचा मुलामाच घालवला. मर्विनने वर त्याला ऐकवलं, "हात हलका लागतो बाबा. सगळ्यांना नाही जमत."

रविवारी क्लबचं प्रदर्शन. ॲथल परीक्षक. हा माणूस नट-बोल्टचा रंग चुकीचा म्हणून गाडी बाद करतो. त्याने दिवा उघडून बघितला तर?

३० जून, रविवार

ॲथलने प्रत्येक दिवा उघडला. प्रत्येक! मर्विनच्या गाडीपाशी आला, काच काढली, आत बघितलं. मग वर, माझ्याकडे. मी हातातला लॅमिंग्टन केक चिरडला, त्याचं खोबरं बुटांवर सांडलं. त्याने काच परत बसवली. "मूळचाच," म्हणाला, आणि खोकला.

पहिलं बक्षीस!

चहाच्या रांगेत ॲथल हळूच माझ्या मागे येऊन उभा. "हेंककडचा का?"

मान हलवली.

"माझाही. दोन वर्षं झाली. माझ्या बायकोचा हट्ट."

मर्विन कप उराशी धरून घरी आला. जेवताना कप टेबलावर. मी माझं ताट तसंच उचललं.

२ जुलै

आज चहानंतर सगळं सांगून टाकलं. बल्ब, हेंक, ॲथल. आता घर डोक्यावर घेईल म्हणून उभीच राहिले.

घेतलं नाही. कप फिरवत बसला.

"बदललास होय? लोक म्हणत होते, म्हणून मीही म्हणत होतो." मग खिडकीकडे तोंड करून— "मला काही फरक दिसला नाही गं. वर्षभर रस्त्याच्या पांढऱ्या रेघेच्या भरवशावर चालवतोय. आता तीही मध्येच नाहीशी होते."

उद्या साडेनऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. म्हटलं, कार मी चालवीन. हो म्हणाला. एक शब्द न कुरकुरता.

तेव्हा मला रडू आलं.