कंगवा विसरलेली गया

॥ श्री ॥

नांदेड,
५ जानेवारी २०२५

चि. आरतीस,
रेणुकाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीनंतर लगेच आलं आणि उत्तर मी आज लिहायला घेतलंय, याची आधी माफी मागते. कामं होती असं लिहिलं होतं, ते खोडलं. कामं कधी नसतात? खरं म्हणजे तुझं पत्र वाचून मला काय वाटलं तेच ठरवता येत नव्हतं. फोनवर हे बोलायची सोय नाही. आवाज जरा चढला की हे आतल्या खोलीतून काय झालं म्हणून विचारतात.

चांगुणाबाई सूर्यतळ लातूरला भाचीकडे राहायला आल्या, तुमच्याच गल्लीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तू त्यांना रोज पेपर वाचून दाखवतेस आणि त्या तुझ्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलतात, हे वाचून आनंद झाला. आनंद हा शब्द मी दोनदा लिहून दोनदा खोडला. आता राहू देते. पण आरे, त्यांची 'हिंगणीचा थांबा' ही कादंबरी अहमदपूरच्या वाचनालयातून मी आणली होती. तू पुस्तक उशाला घेऊन झोपणारी. दुसरं पान उलटायच्या आत तुझं घोरणं सुरू. आणि बाई बसतात कुणाच्या ओट्यावर, तर तुझ्या.

माझी त्यांची भेट तुला ठाऊकच आहे, तरी पुन्हा सांगते, म्हणजे तुला हसता येईल. नांदेडला त्यांचं भाषण झालं तेव्हा मी सहीच्या रांगेत उभी राहिले. त्या कादंबरीतली गया मला इतकी जवळची का वाटते, हे त्यांना सांगायचं मी कैक वर्षं घोकून ठेवलं होतं. माझा नंबर आला, त्यांनी मान वर केली, आणि माझ्या तोंडून निघालं की बाई, चहा झाला का. झाला म्हणाल्या. सही केली. मागच्या माणसानं मला कोपरानं पुढं सरकवलं. संपली भेट.

आता मुद्द्याचं. तुमच्या वाचक मंडळात सगळ्यांनी आवडती कादंबरी आणि लेखकभेटीची आठवण सांगायची होती. तू तिथं सांगितलंस की वाचनालयाच्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती. गया सासर-माहेर दोन्ही सोडून शहराच्या एसटीत बसते, तिथंच आपलं पुस्तक संपायचं. म्हणून आपण शेवट रचला: गया पुढच्याच थांब्यावर उतरते, चालत माघारी येते आणि घरच्यांना सांगते, कंगवा विसरला होता. बाईंनी म्हणे तो तुला पुन्हा एकदा सांगायला लावला. आणि आता नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हा शेवट छापणार, 'आरती नावाच्या वाचक मैत्रिणीनं रचलेला' म्हणून.

आपण दोघींनी रचलेला शेवट एकट्या आरतीचा कधी झाला? खरं तर तो माझाच आहे. कंगवा तर नक्कीच. इतकी बारीक गोष्ट तुला त्या वयात सुचणं शक्य नव्हतं. प्रस्तावना जायच्या आधी बाईंच्या कानावर घाल. मला नावाची हौस नाही. हे वाक्य खोडायला हवं, पण कागद फाटेल.

मल्लिनाथरावांना नमस्कार. डाळमिलच्या धुळीनं त्यांना खोकला लागला होता, तो कसा आहे ते कळव. माया आहे तेवढी राहू दे, थोडी वाढली तरी माझी तक्रार नाही.

तुझी,
रेणुकाअक्का

उद्या: गॅसचा नंबर लावणे.


लातूर,
१५ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
आरतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सोबत तिळगूळ पाठवलाय. गोड बोलायला आपण हे पत्र संपल्यावर सुरू करू.

गॅसचा नंबर लागला का? रोजनिशी लिहून लिहून तुझी सवय अशी झाली की पत्राखालीसुद्धा उद्याचं काम टाकतेस. यांनी वाचलं आणि विचारलं, सिलिंडर आपण पाठवायचं आहे काय. यांचा खोकला बरा आहे, म्हणजे आहे तसाच आहे.

अक्का, तो शेवट माझा आहे. मागच्या दाराच्या पायऱ्या आठव. तू वरच्या पायरीवर, मी खालच्या, आणि तू माझ्या डोक्याला तेल लावून राहिली होतीस. पुस्तक तुझ्या मांडीवर. आधी तू शेवट सांगितलास. तुझी गया शहरात पोचते, तिला माडीवरची खोली मिळते, ती खिडकी उघडते आणि समोर दिवेच दिवे. मागं वळून बघतसुद्धा नाही. मी म्हणाले, मला हा शेवट नको. मग एसटीतून उतरवली तिला मी. कंगव्याचं सांगितलं तर तू माझी वेणी ओढून म्हणालीस, "कंगव्यासाठी कुणी परत येतं का, येडे?"

तुला आठवत नसेल. मला आठवतं.

बाईंना तुझं म्हणणं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांना लई हसू आलं. म्हणाल्या, आधी दोघी नीट भांडून घ्या, मग एक नाव सांगा, प्रस्तावना पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पाठवायची आहे. डोळे चांगले असते तर तुमच्या भांडणावरच लिहिलं असतं म्हणे. मीच त्यांना तुझ्या चहाचंही विचारलं. त्यांना आठवत नाही गं. मी रांग सांगितली, तुझी हिरवी साडी सांगितली, पण नाही म्हणाल्या. खोटं सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण तू ओळखलं असतंस.

बाईंनी पुस्तकाची धड प्रत दिली आहे. शेवटचं प्रकरण मी अजून उघडलं नाही. आपलाच शेवट राहू दे असं वाटतं.

तुला माझा हेवा वाटला याचा राग नाही. खरं सांगू? जरा बरंच वाटलं. तुझं अक्षर, तुझा पहिला नंबर, पाहुण्यांपुढं वडलांनी काढलेलं तुझंच नाव. जन्मभर हेवा मी केला. आता चार दिवस तू कर.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण पत्र थांबवू नको.

तुझी,
आरती


नांदेड,
२० जानेवारी २०२५

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ पोचला. दातात अडकला.

त्या उन्हाळ्याची रोजनिशी माळ्यावरून काढून पाहिली. 'डोकं दुखलं. आईनं कुरडया घातल्या.' पुढं पानंच्या पानं असंच. कादंबरीचा शब्द नाही, तुझा नाही, कंगव्याचा तर नाहीच. इतकी वर्षं रोज लिहून मी काय लिहीत होते कोण जाणे.

'येडे' असं मी बोलते, हे मान्य. पण एखादी गोष्ट मी बोलण्यासारखी आहे म्हणून ती मी बोललेच, असं होत नाही. मला पायऱ्या आठवतात, तेल आठवतं, आणि गया उतरते तेही माझ्याच आवाजात आठवतं. तू ती गोष्ट माझ्याकडून ऐकलीस आणि मनात धरलीस. मनात धरून ठेवलं म्हणजे आपलं होत नाही. असं असतं तर बाईंच्या सगळ्या कादंबऱ्या माझ्या झाल्या असत्या.

ओट्यावर बसणाऱ्या बाई तुला मिळाल्या. त्यांना माझा चहासुद्धा आठवत नाही. निदान शेवट तरी मला राहू दे.

आणि एक. लग्नानंतर मी नांदेडला 'हिंगणीचा थांबा'ची धड प्रत विकत घेतली, त्यावरच बाईंची सही आहे. छापलेल्या शेवटात गया उतरत नाही. गाडी निघून जाते, थांब्यावर धुरळा बसतो, पुस्तक संपतं. तू वाचायचं टाळून राहिली होतीस, म्हणून सांगितलं. रागानं लिहिलंय आणि खोडत नाही.

अक्का

उद्या: काही नाही.


लातूर,
२५ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. गया उतरत नाही हे कळलं.

बाईंना आज तुझं नाव सांगितलं. शेवट रेणुकाचा, मी फक्त ऐकलेला, असं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना. मी हाव म्हणाले. भाचीनं तसं लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी, दोन तारखेला, वाचक मंडळ आपल्या घरी आहे. बाईंना अजून बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून प्रस्तावना मी वाचणार आहे आणि सोमवारी ती जाईल. तू ये. नाव तुझं आहे तर तू समोर असावंस. एसटी अहमदपूरवरूनच येते, वाटेत माहेरी उतरायचं झालं तर वैजनाथदादाला कळव. मागच्या पायऱ्यांवर त्यानं फरशी बसवली आहे, आता तेलाचे डाग दिसत नाहीत.

दाजींना नमस्कार. मायेत कमी करू नको, एवढंच मागते.

आरती


नांदेड,
३० जानेवारी २०२५

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोस्टाचा भरवसा नाही. हे पत्र बहुतेक माझ्या मागून पोचेल. तरी लिहिते, कारण समोर बसले की मी पुन्हा चहाचंच काहीतरी विचारीन.

तुझं पत्र मी यांना जेवताना वाचून दाखवलं. मी जिंकले हे कुणाला तरी ऐकवायचं होतं. यांना कादंबऱ्यांचा कंटाळा, तुला माहीत आहे. भाकरी मोडता मोडता म्हणाले, कंगवा म्हणजे तोच का? मी विचारलं, कोणता. तर म्हणाले, आम्ही तुला बघायला अहमदपूरला आलो होतो तेव्हा तुझी बहीण मोकळे केस सोडून दारात बसली होती. तुझ्या आई हाका मारून दमल्या, ही जागची हलेना. माझ्या मावशीला वाट द्यायला ती क्षणभर उठली, तर खाली कंगवा. लगेच पुन्हा त्यावर बसली. मी पाहिलं, बोललो नाही.

आरे, त्या दिवशी घरात एकच कंगवा होता आणि तो सापडत नव्हता. मी ओल्या हातानं केस चापून पोहे घेऊन बाहेर आले. यांच्या आईंनी नंतर कितीतरी वर्षं मला ऐकवलं की मुलगी बघितली तेव्हा गबाळीच होती. मला वाटायचं, धांदलीत कंगवा कुठंतरी पडला असेल.

पाहुणे होकार देऊन गेले, त्यानंतर दोन-चार दिवसांनीच आपण पायरीवर बसलो होतो. आता मला क्रम लागतो. मला कुणीतरी सांगितलं होतं की यांचं नांदेडचं घर माडीवर आहे आणि खिडकीतून रस्त्याचे दिवे दिसतात. मला जायचं होतं, आरे. कुणाला बोलले नव्हते, रोजनिशीतसुद्धा लिहिलं नव्हतं, पण मला जायचं होतं. म्हणून माझी गया मागं वळून बघत नाही. ती माडी आणि ती खिडकी माझी. तिला पुढच्या थांब्यावर उतरवायचं मला सुचणारच नव्हतं. तुझ्या डोक्याला तेल लावताना मी नांदेडला पोचले होते, आणि तू खालच्या पायरीवर बसून मला माघारी आणत होतीस.

'येडे' म्हटलेलं मला अजूनही आठवत नाही. पण ते माझंच आहे.

हेवा गेला असं लिहिलं होतं, ते खोडलं. गेला नाही. बाई तुझ्या ओट्यावर बसतात याचा अजून वाटतो, आणि तुझा शेवट माझ्यापेक्षा चांगला आहे याचा त्याहून जास्त. छापलेला शेवट तुला सांगून टाकला, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तू ते प्रकरण तरीही उघडू नकोस. बाईंनी त्यांचा शेवट लिहिला, तू तुझा राख.

बाईंच्या भाचीला सांग, नाव बदलून घ्या म्हणावं. पत्र उशिरा पोचलं तर रविवारी सगळ्यांसमोर मीच सांगेन: शेवट आरतीचा, आणि ज्या बाईला तो ऐकूनही कळला नाही ती मी. बाईंना मी आठवले नाही तरी चालेल. चहा मात्र मीच करणार, तुझा नेहमी पांचट होतो.

परवा शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. अहमदपूरला उतरणार नाही, थेट तुझ्याकडे. मल्लिनाथरावांना नमस्कार. रागात जेवढी माया कमी केली असशील तेवढी परत जागेवर ठेव, मी येऊन मोजणार आहे.

तुझी,
अक्का

उद्या: पिशवी भरताना कंगवा घ्यायचा नाही.